नळकामाच्या व्यवसायातील जोखीम व विम्याची निवड : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात

इ. स. १४९० मध्ये मलिक अहमद निजामशहाने अहमदनगर शहराची स्थापना केली. त्यानंतरच्या निजामशाही राजवटीत कापूरवाडी आदी भोवतालच्या गावांकडून खापरी नळांच्या साह्याने शहरात पाणी खेळविण्यात आले. म्हणजे नळकाम हा या भूमीत काही काल जन्मलेला धंदा नव्हे. २०२४ साली ‘अहिल्यानगर’ असे नामांतर झालेल्या या शहरास आज मुळा धरणाच्या जलाशयातून पाणी मिळते. शिर्डीतील निवासगृहे, नागापूर व सुपे येथील औद्योगिक वसाहती, साखर कारखाने आणि २०१९ साली घोषित झालेल्या जलजीवन मिशनखालील ग्रामीण नळयोजना यांमुळे या व्यवसायाचे क्षेत्र पुष्कळ विस्तारले आहे. तथापि ज्यास आपण ‘कंत्राटदार’ म्हणतो तो बहुधा कालपरवापर्यंत स्वतः मिस्त्री असलेला, दोनचार मदतनीस हाताशी धरून काम करणारा मनुष्य असतो. त्याचे भांडवल अल्प, परंतु कायद्याच्या दृष्टीने त्याचे दायित्व मात्र मोठ्या कारखानदाराच्या दायित्वाहून प्रकाराने निराळे नसते. या विषमतेतूनच विम्याचा प्रश्न उद्भवतो.

विमापत्रांची नावे पाठ करून निवड साधत नाही. प्रथम दायित्व ओळखावे, मग त्यास अनुरूप विमा शोधावा, हाच क्रम योग्य होय. नळकाम करणाऱ्याच्या जोखमीचे तीन भाग पडतात : कामगाराविषयीचे दायित्व, तिऱ्हाइताविषयीचे दायित्व, आणि स्वतःच्या मालमत्तेची व शरीराची हानी.

कामगाराविषयीचे दायित्व

कामाच्या ओघात व कामामुळे घडलेल्या अपघाताची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाने रूढ केले. मालकाची चूक सिद्ध करण्याची आवश्यकता त्यात ठेवलेली नाही. नैमित्तिक कामगारास वगळणारी मूळची तरतूदही २००० सालच्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली असून भरपाईची मूळ घडण संहितेत कायम आहे. घर व कामाचे ठिकाण यांमधील प्रवासात झालेला अपघात, त्याचा कामाशी संबंध सिद्ध झाल्यास, कामातील अपघात मानला जाईल, अशी महत्त्वाची भरही तिने घातली आहे. नगरहून सुप्यास मोटारसायकलीने रोज जाणाऱ्या मदतनिसाच्या बाबतीत ही तरतूद किती मोलाची आहे, हे सांगावयास नको.

रकमेची कल्पना यावी म्हणून एक हिशेब पाहू. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेस वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे असते. ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने या हिशेबासाठी वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये ठरविली होती. तीस वर्षांच्या मनुष्याचा गुणक २०७.९८ आहे. समजा, असा एक मदतनीस परांचीवरून पडून मृत्यू पावला व त्याचे वेतन या मर्यादेइतके होते. तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये भरपाई होते. दोन मिस्त्री व तीन मदतनीस असलेल्या कंत्राटदारास ही रक्कम उभी करणे म्हणजे बहुधा शेत किंवा घर विकणे होय. आणि त्याच्यापाशी विकण्यासारखे काही नसेल, तर मृताच्या कुटुंबाच्या हाती केवळ आदेशाचा कागद उरतो. यास्तव हा विमा जितका मालकाचा, तितकाच, किंबहुना अधिक, त्या कुटुंबाचा आहे.

अपंगत्वाविषयीही एक निर्णय ध्यानात ठेवण्याजोगा आहे. प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता (१९७६) या प्रकरणात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून ते अपंगत्व संपूर्ण होय, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले. हाच न्याय पाना धरणाऱ्या हातास लावला तर शरीराच्या अंशतः हानीतूनही पूर्ण भरपाईचे दायित्व उद्भवू शकते, हे उघड आहे.

म्हणून मालकाच्या दायित्वाचे विमापत्र घेताना चार गोष्टी कसोशीने पाहाव्यात. पहिली, वेतनाचा अंदाज. हप्ता घोषित वेतनावर आकारला जातो व वर्षअखेरीस प्रत्यक्ष वेतनाशी त्याचा मेळ घातला जातो. हप्ता वाचविण्यासाठी पाचांऐवजी दोनच माणसे दाखविणे म्हणजे उरलेल्या तिघांबाबत विमा नसण्यासारखेच होय. दुसरी, कामाचे वर्णन. दुकानातील विक्री व इमारतीच्या शाफ्टमधील उंचावरचे काम यांची जोखीम एक नव्हे. तिसरी, पोटकंत्राटदाराची माणसे. आपल्या धंद्यातील काम दुसऱ्यास पोटकंत्राटाने दिले तरी त्याच्या कामगारांची भरपाई मुख्य कंत्राटदाराकडून मागता येते. पुढे ती पोटकंत्राटदाराकडून वसूल करण्याचा हक्क असतो, परंतु पोटकंत्राटदार निष्कांचन असल्यास तो हक्क कागदावरच राहतो. म्हणून ही माणसे विमापत्रात स्पष्टपणे अंतर्भूत करून घ्यावीत. चौथी, व्याज व दंड. भरपाई वेळेवर न दिल्यास १९२३ च्या अधिनियमाप्रमाणे १२ टक्के व्याज व ५० टक्क्यांपर्यंत दंड बसत असे. दंडाचा भार विमा कंपनीवर पडत नाही, हे वेद प्रकाश गर्ग प्रकरणात (१९९७) स्पष्ट झाले. तर विमापत्रात तसे कलम असल्यास व्याजही कंपनीकडून मिळत नाही, असे हर्षदभाई मोढिया प्रकरणात (२००६) ठरले. तात्पर्य, अपघाताची सूचना विलंबाने देणाऱ्यास विमा असूनही खिशातून भरावे लागते.

दहा किंवा अधिक कामगार असणाऱ्या व राज्य विमा योजनेखाली येणाऱ्या आस्थापनांत विमाकृत कामगारास त्याच अपघाताबद्दल मालकाकडून निराळी भरपाई मागता येत नाही. अशा कंत्राटदाराने खाजगी विमापत्र केवळ उरलेल्या कामगारांपुरते घ्यावे; दुहेरी खर्चाचे कारण नाही.

तिऱ्हाइताविषयीचे दायित्व

नळकामातील दोष बहुधा उशिरा प्रकट होतो. भिंतीत गाडलेल्या नळाचा सांधा दाबचाचणीच्या वेळी टिकतो, आणि काही महिन्यांनी खालच्या मजल्यावरील दुकानाचे छत झिरपू लागते. सार्वजनिक दायित्वाचे सामान्य विमापत्र काम चालू असताना घडलेल्या हानीपुरते असू शकते. यासाठी ‘पूर्ण झालेल्या कामातून उद्भवणारे दायित्व’ त्यात समाविष्ट आहे किंवा नाही, हा या धंद्यातील पहिला प्रश्न होय. तसेच ही विमापत्रे पुष्कळदा दावा दाखल होण्याच्या तारखेवर आधारलेली असतात. मध्ये एक वर्ष खंड पडल्यास पूर्वीच्या सर्व कामांचे संरक्षण गमावण्याचा संभव असतो.

हानी व दुरुस्ती यांतील भेदही समजून घेतला पाहिजे. दुकानदाराचे भिजलेले कापड ही तिऱ्हाइताची हानी होय. परंतु सदोष सांधा पुन्हा बसविण्याचा खर्च हा कारागिरीचा खर्च असून तो सामान्यतः वगळलेला असतो. विमा निष्काळजीपणाच्या परिणामांचा असतो, निकृष्ट कामाची हमी तो देत नाही. उलट, स्थावर संपदा अधिनियम, २०१६ अन्वये इमारतीतील कारागिरीच्या दोषांबद्दल विकासकावर पाच वर्षांची जबाबदारी असते आणि करारनाम्याद्वारे तो ती कंत्राटदारावर ढकलू शकतो. करारावर सही करण्यापूर्वी त्यातील कालावधी व विमापत्राचा कालावधी समोरासमोर ठेवून पाहावेत.

येथे एका नामसाम्याचा खुलासा आवश्यक आहे. सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम, १९९१ हा घातक द्रव्ये हाताळणाऱ्यांसाठी आहे. त्याखालील विमापत्र घेऊन नळगळतीचे दायित्व भागत नाही.

एक क्षेत्र मात्र विम्याच्या आश्रयापलीकडचे आहे. मैलाटाकीत किंवा गटारात संरक्षक साधनांविना मनुष्य उतरविणे २०१३ च्या अधिनियमाने निषिद्ध असून तो अपराध आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. तुंबलेले चेंबर मोकळे करण्याचे काम घेणाऱ्या कंत्राटदाराने यासाठी विमा शोधू नये; मनुष्य उतरवूच नये.

स्वतःची मालमत्ता व शरीर

पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ हे प्रमाणित विमापत्र उपलब्ध आहे. आग, पूर इत्यादींबरोबर पाण्याच्या टाक्या व नळ फुटून होणारी हानीही त्यात येते. चोरीचे संरक्षण मात्र विमाकृत आपत्तीनंतरच्या सात दिवसांत, त्या आपत्तीमुळे झालेल्या चोरीपुरतेच आहे. नित्याच्या चोरीसाठी घरफोडीचे निराळे विमापत्र लागते, आणि तेथेही बळाचा वापर करून प्रवेश झाला असला पाहिजे, असे हरचंद राय चंदनलाल प्रकरणात (२००४) ठरले आहे. उघड्या बांधकामावरून पितळी नळ व ड्रिल मशीन उचलून नेले, तर तो दावा टिकणे कठीण. मोठ्या कामासाठी ‘कंत्राटदार सर्व जोखीम’ प्रकारचे विमापत्र त्या कामापुरते घ्यावे व त्याचा खर्च निविदेतच धरावा.

शेवटचा मुद्दा सर्वांत अधिक दुर्लक्षित आहे. कामगारांचा विमा उतरविणारा कंत्राटदार स्वतः कोणाचाही कामगार नसतो. त्यामुळे परांचीवर त्यांच्याबरोबर चढणारा तो एकटाच असंरक्षित राहतो. त्याने वैयक्तिक अपघात विमा स्वतंत्रपणे घेतला पाहिजे. वार्षिक २० रुपयांत दोन लाखांचे संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना ही यातील पहिली पायरी आहे, पुरेशी मात्र नव्हे.

निवडीचा क्रम

पैसा थोडा असल्यास क्रम असा असावा : प्रथम कामगारांचे दायित्व व स्वतःचा अपघात, नंतर पूर्ण झालेल्या कामासह तिऱ्हाइताचे दायित्व, त्यानंतर साठा, आणि सर्वांत शेवटी हत्यारे. पाना हरवला तर महिन्याभरात पुन्हा घेता येतो. १५ लाखांचा आदेश एका पिढीत फिटत नाही. व्यवहारात बहुतेकदा याच्या उलट घडते, कारण वस्तू डोळ्यांस दिसते व दायित्व दिसत नाही. दावा अयोग्य रीतीने नाकारला गेल्यास एकल मालकीच्या व सूक्ष्म उद्योगांना विमा लोकपालाकडे दाद मागता येते.

वाणिज्य व विधी या दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांस येथे अभ्यासाचे एक क्षेत्र मोकळे आहे. एकट्या कंत्राटदाराचा हप्ता लहान असल्याने त्यास अनुकूल अटी मिळत नाहीत. १९५० साली प्रवरानगर येथे ज्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सहकारी साखर कारखाना उभारला, त्या जिल्ह्यातील नळकारागिरांनी संघटितपणे समूह विमापत्र मागणे अशक्य का मानावे? त्याच्या अटी व खर्च यांचा तालुकावार विचार झाल्यास या विवेचनाचे प्रयोजन सफल होईल.