रंग नवा, धूळ जुनी

दसरा-दिवाळीच्या आधी घराच्या रंगकामाचा विषय निघतो आणि हल्ली ओट्याखालची कपाटे आपणच रंगवण्याचा उत्साह अनेक घरांत दिसतो. डबाभर एनॅमल, दोन ब्रश, पॉलिश पेपर आणि रविवारची सुटी एवढी तयारी पुरेशी वाटते. वासाचा त्रास होईल, हे आपण गृहीत धरलेले असते. पण लाकडी कपाट जुने आणि ऑइल पेंटचे असेल, तर वासापेक्षा मोठा धोका रंगाचा डबा उघडण्याआधीच, म्हणजे घासताना निर्माण होतो.

पूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये शिशाची संयुगे सर्रास वापरली जात. पिवळा, केशरी, हिरवा अशा भडक छटांसाठी आणि रंग लवकर वाळावा म्हणूनही. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे वाळलेल्या रंगाच्या एका किलोत ९० मिलिग्रॅमपेक्षा, जास्त असू नये, हा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या कपाटात शिसे असेलच असे नाही, पण ते आहे असे समजून काम करणे शहाणपणाचे.

हा थर शाबूत असेपर्यंत फारसा त्रास देत नाही. कोरड्या पॉलिश पेपरने किंवा मशीनने तो घासला, की त्याची बारीक धूळ ओट्यावर, भांड्यांवर, फरशीवर बसते. रांगणारे मूल फरशीला लागलेला हात तोंडात घालते. मोठ्यांच्या तुलनेत लहान मुलांचे शरीर पोटात गेलेले शिसे चार ते पाच पट अधिक शोषते. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवते आणि गरोदरपणात तेच पुन्हा रक्तात उतरू शकते. मुलांच्या वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो, तो भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही.

म्हणून जुना रंग घट्ट असेल, तर तो खरवडू नये. साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढावा, वॉटर पेपर ओला ठेवून हलका हात फिरवावा, निघालेला चिखल वाळण्यापूर्वीच ओल्या फडक्याने टिपावा आणि ते फडके टाकून द्यावे. मग प्रायमर आणि नवा रंग. जुना रंग जाळून किंवा हीट गनने काढू नये, झाडूही मारू नये. रंगाचे पोपडे सुटत असतील, तर काम जाणत्या कारागिराकडे द्यावे आणि तेवढे दिवस मुले व गरोदर स्त्रिया घरात नसाव्यात. कपाट सनमायकाचे असेल, तर शिशाची ही काळजी उरत नाही.

पुढचा प्रश्न थिनरचा. ऑइल पेंट वाळताना त्यातील द्रावक हवेत मिसळतात. त्याने डोके दुखते, चक्कर येते, दमेकऱ्यांचा त्रास वाढतो. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली, नेमकी सिलिंडरच्या आसपास साचते आणि ती पेट घेऊ शकते. त्यामुळे दारे काढून गच्चीत किंवा बाल्कनीत रंगवावीत. स्वयंपाकघरात काम चालू असताना शेगडी, देवापुढचा दिवा, उदबत्ती सगळे बंद ठेवावे. पाण्यात मिसळणारे एनॅमल घेतल्यास हा त्रास बराच कमी होतो. एन-९५ मास्क धूळ अडवतो, वाफ नाही; वाफेसाठी कार्बनच्या गाळणीचा मास्क लागतो.

हाताला रंग लागत नाही म्हणजे तो पुरता वाळला, असे नाही. आतले कप्पे शक्यतो रंगवू नयेत. रंगवलेच, तर काही दिवस दारे उघडी ठेवावीत. पीठ, तेल, तूप लगेच आत ठेवल्यास त्यांना वास लागतो.

आपण हे काम चार-पाच वर्षांतून एकदा करतो, रंगारी रोज करतो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने रंगाऱ्याचा व्यवसायच कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात ठेवला आहे. त्यामुळे काम कारागिराला दिले, तरी खिडक्या उघड्या ठेवणे, मास्क देणे आणि ‘कोरडे घासू नका’ असे सांगणे आपल्याकडेच राहते.