पुन्हा दगड होणारा चुना

राणीच्या बागेत शिरलं की बहुतेक पावलं पेंग्विनकडे वळतात. याच बागेत मुंबईतलं सर्वांत जुनं संग्रहालय उभं आहे. १८७२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या या वास्तूला आज डॉ. भाऊ दाजी लाडांचं नाव आहे. आत ओतीव लोखंडाचे नक्षीदार खांब आणि सोनेरी वर्ख, तर बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती. १८६४ मध्ये बेटावरून हलवताना तो फुटला आणि १९१४ साली तुकडे जोडून पुन्हा उभा राहिला.

बाग अशा वास्तूला सावली देते आणि तीच तिला पोखरतेही. पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचं बी भिंतीच्या फटीत पडतं. केसाएवढं मूळ आत शिरतं, जाड होतं आणि दगड सरकवतं. नुसता शेंडा छाटला तर रोप पुन्हा फुटतं.

त्याहून मोठा शत्रू म्हणजे ओल. जुन्या भिंती पावसाळ्यात पाणी पितात आणि उन्हाळ्यात ते सोडतात. चुन्याचा गिलावा ही वाट मोकळी ठेवतो. त्यावर सिमेंट थापलं, की भिंतीला कायमचा रेनकोट चढतो. ओल आतच कोंडते, क्षारांचे स्फटिक फुगतात, लोणा लागतो आणि पोपडे सुटतात. मजबुतीसाठी केलेला उपायच भिंत खातो!

आणि चुन्याची किमया तरी केवढी! चुनखडी सुमारे ९०० अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून भिंतीवर चढवला, की हवेतून तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. भिंतीवर अक्षरशः दगड तयार होतो! बारीक भेग पडली, तर पाण्यात विरघळलेला चुना तिथे साचून ती बुजवूही शकतो.

राणीच्या बागेतलं हे जीर्ण झालेलं संग्रहालय महापालिका, इंटॅक ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी २००३ पासून एकत्र येऊन सावरलं. संवर्धनतज्ज्ञ वास्तुविशारद होते विकास दिलावरी. २००५ मध्ये युनेस्कोने या कामाला आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च वारसा पुरस्कार दिला आणि २००८ मध्ये दारं पुन्हा उघडली.

तुमच्या गावातल्या बागेतही एखादी जुनी कमान, छत्री किंवा कारंजं असेल. तिथे दुरुस्ती सुरू झाली, तर एवढं जरूर विचारा : गिलावा चुन्याचा आहे की सिमेंटचा?