मोडली डोलकाठी, पुढे काय?

दोस्तांनो, आपल्या कारेगावच्या मुलांना समुद्र बघायचा, तर घाट उतरून कोकणच गाठायला हवं! पण शिडाच्या बोटीची डोलकाठी उभी कशी राहते, हे मात्र गावच्या जत्रेतही कळेल. मांडवाचा उंच खांब आठवा. त्याला चहूबाजूंनी दोर ताणून बांधलेले असतात. एक दोर सुटला, की खांब कललाच म्हणून समजा. डोलकाठीलाही अशाच पोलादी तारा ताणून धरतात. तार अडकवणारी बोटभर पिन तुटली किंवा वादळात बोटच उलटली, तर डोलकाठी मोडते.

भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी यांच्यावर हीच वेळ आली. १ जुलै २०१८ रोजी ते 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत उतरले. एकट्याने, कुठेही न थांबता, १९६८ सालच्या काळातली साधनं वापरून पृथ्वीप्रदक्षिणा करायची! त्यांची 'थुरिया' बोट आपल्या शेजारच्या गोव्यात बांधलेली. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियाच्या पर्थपासून सुमारे साडेतीन हजार किलोमीटरवर वादळाने गाठलं. ताशी १३० किलोमीटरचा वारा आणि चार मजली इमारतीएवढ्या लाटा! बोट उलटली, डोलकाठी मोडली.

अशा वेळी आधी काय कराल? दुसरं शीड उभारायला धावाल? थांबा! पाण्यात पडलेली डोलकाठी अजून तारांनी बोटीला बांधलेलीच असते. प्रत्येक लाटेसरशी ती बोटीवर धाडकन आपटते. भोक पडलं, की बोट बुडालीच. म्हणून आधी तारा कापायच्या. त्यासाठी मोठा कटर आणि हॅकसॉ बोटीवर हवाच. जमलं, तर दांडे, दोर, शिडं वाचवायची. इंजिन सुरू करण्याआधी पाण्यात दोर लोंबत नाही ना, ते पाहायचं. नाहीतर तो पंख्यात गुंडाळला जातो. मग उरलेल्या दांड्याची आखूड डोलकाठी करून छोटं शीड लावायचं. वेग कमी, पण बोट चालते.

टॉमींना यातलं काहीच करता येईना. पाठीला जबर मार लागल्याने त्यांना उठताही येत नव्हतं. त्याच वादळात आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगुकिन यांच्या बोटीच्या दोन्ही डोलकाठ्या गेल्या होत्या. त्यांनी कामचलाऊ शीड उभारलं आणि बोट कुठे वळवली, माहीत आहे? घराकडे नव्हे, टॉमींच्या दिशेने!

२३ सप्टेंबरला नौदलाच्या विमानाने 'थुरिया' शोधली. दुसऱ्या दिवशी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने टॉमींना उचललं आणि मग मॅकगुकिन यांनाही.

पुढे टॉमींच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली. २०२२ मध्ये ते पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरे आले. या वेळी डोलकाठी शेवटपर्यंत ताठ उभी होती, आणि टॉमीही!