टाइल्स फोडण्याआधी

मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये वरच्या आणि खालच्या मजल्यात वितुष्ट आणणाऱ्या गोष्टींत बाथरूमच्या गळतीचा नंबर फार वरचा आहे. खालच्या घरात छताला पिवळसर डाग पडतो, रंगाचे पोपडे सुटतात, भिंतीला लोणा धरतो. वरची मंडळी म्हणतात, ‘आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे.’ ती खरंच बोलत असतात, कारण त्यांच्या टाइल्सवर काही दिसतच नाही. मग प्लंबर येतो, छिन्नी-हातोडा काढतो आणि निम्मी भिंत फुटल्यावर कळतं, की गळती भलतीकडेच होती.

हा खर्च बहुतेक वेळा वाचवता येतो. शॉवरचं पाणी मुख्यतः तीन वाटांनी निसटतं: दाबाखालचा पाइप, सांडपाण्याची लाइन आणि टाइल्सच्या दरजा. प्रत्येक वाटेने पाणी वेगळ्या वेळी झिरपतं, म्हणून आधी घड्याळ बघायचं.

गच्चीवरच्या टाकीपासून नळापर्यंतच्या पाइपात चोवीस तास पाणी दाबाखाली असतं. उंचीच्या दर दहा मीटरमागे हा दाब साधारण 1 बारने वाढतो. हा पाइप फुटला, की घरात कोणी नसतानाही थेंब पडत राहतो. सेकंदाला एक थेंब म्हटलं, तरी दिवसाला चार लिटरच्या आसपास पाणी जातं. बाथरूम न वापरताही चालू राहिलेली गळती तिथला मुख्य कॉक दोन-तीन दिवस बंद ठेवल्यावर मंदावली, तर संशय इथे घ्यावा. मात्र या काळात तिथे बादलीनेही अंघोळ करायची नाही, नाहीतर चाचणीला अर्थ उरत नाही. स्वतंत्र मीटर असलेल्या बंगल्यात काम आणखी सोपं असतं: सगळे नळ बंद करून रात्री आणि सकाळी मीटरचा आकडा पाहायचा.

शॉवरची खरी गोम पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणाऱ्या डायव्हर्टरच्या वर आहे. तिथून शॉवरपर्यंत भिंतीतून चढणाऱ्या पाइपावर एरवी दाब नसतो. शॉवर सुरू केला तरच तो येतो. त्यामुळे कॉक बंद करण्याची चाचणी इथे काहीच शिकवत नाही, आणि अनेक घरांत तपास इथेच चुकतो. उपाय साधा आहे. शॉवर काढून तिथे एंड प्लग लावायचा, डायव्हर्टर शॉवरकडे वळवून पाणी सोडायचं आणि अर्धा-एक तास तसंच ठेवायचं. बाथरूममध्ये थेंबही सांडलेला नसताना खाली ओल वाढली, तर दोष त्या पाइपात किंवा शॉवरची दांडी जिथे भिंतीत बसते त्या आट्यांत. आट्यांवरची टेफ्लॉन टेप बदलून भागलं, तर टाइलला हात लावावा लागत नाही.

पुढची पायरी फरशीतलं सांडपाणी वाहून नेणाऱ्या नहाणी ट्रॅपची. फरशी आणि भिंती कोरड्या ठेवून बादलीभर पाणी सावकाश थेट ट्रॅपमध्ये ओतायचं. त्यानेच खाली ठिपकलं, तर सांडपाण्याचा जोड सुटलाय. काही झालं नाही, तर ट्रॅपचं तोंड बंद करून फरशीवर इंचभर पाणी तुंबवायचं, पातळीची खूण करायची आणि 24 ते 48 तास थांबायचं. पाणी उंबरठ्यावरून बाहेर जाणार नाही याची काळजी घ्यावी. फरशी पास झाली, तर शेवटी दरजा तपासायला भिंतींवर पाणी मारायचं. दरजांतलं पांढरं सिमेंट आम्लाने झिजतं. दर आठवड्याला ॲसिड ओतून बाथरूम चकाचक करणाऱ्या घरांत या दरजा आधी उघडतात.

या सगळ्यात घाई नडते. अनेक इमारतींत बाथरूमचा स्लॅब खोलगट असतो आणि त्यात विटांचे तुकडे भरलेले असतात. हा भराव स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो आणि गळती थांबल्यावरही कित्येक दिवस पाझरतो. म्हणून दोन चाचण्यांमध्ये सुकायला वेळ द्यावा लागतो.

उपकरणांवरही डोळे झाकून विसंबू नये. थर्मल कॅमेरा पृष्ठभागाचं तापमान दाखवतो, पाणी नाही. गिझरचं गरम पाणी सोडून पाहिलं, तर तो जास्त उपयोगी पडतो. ओल मोजणारा मीटर लोण्यामुळे फसून जास्त आकडा दाखवू शकतो. आणि डाग जूनमध्ये उगवून दिवाळीनंतर सुकत असेल, तर आधी बाहेरची भिंत तपासावी.

दुर्लक्ष मात्र परवडत नाही. ओलीने गंजलेली सळई मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापते आणि आतून काँक्रीटला तडे देते.

कारण कळलं, की खर्च कोणाचा हेही ठरतं. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, तर वरच्या-खालच्या सदनिकांमधल्या संडास-बाथरूमच्या गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांनी उचलायचा. तेव्हा भांडण्याआधी दोन्ही घरांनी मिळून थोडे दिवस द्यावेत. वरच्यांनी पाणी कधी आणि कुठे सोडलं ते कागदावर लिहावं, खालच्यांनी डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढून तारीख घालावी, आणि हातोडा उचलण्याआधी तो कागद प्लंबरला वाचायला लावावा.