पुणतांबा : नदी, रूळ, पाट आणि ग्रामसभा

अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर भागात, गोदावरीच्या दक्षिण तीरावर पुणतांबा वसले आहे. आधी कोपरगाव तालुक्यात असलेले हे गाव आता राहाता तालुक्यात मोडते. शिर्डीला जाणारा रेल्वेचा फाटा इथूनच फुटतो, त्यामुळे गाव न पाहताही लाखो लोकांनी स्टेशनवरची पाटी वाचलेली असते. तालुक्याचे ठाणे इथे नाही, नगरपालिका नाही; कारभार ग्रामपंचायतीचा आणि पोट शेतीवर. तरीही २०१७ च्या जूनमध्ये मुंबई-पुण्याच्या भाजीबाजारात सकाळी काय येणार आणि काय नाही, याची सुरुवात या गावच्या एका ठरावातून झाली. एवढे बळ या गावात कुठून आले, हे समजायचे तर त्याची वस्ती कशी थरावर थर चढत गेली ते पाहावे लागते.

पहिला थर नदीचा. महाराष्ट्रात पुणतांब्याचे नाव झाले ते चांगदेवांमुळे. चौदाशे वर्षे जगलेला, वाघावर बसून हातात सापाचा चाबूक घेऊन निघालेला हा योगी ज्ञानेश्वर-मुक्ताबाईंपुढे नमला, ही कथा घराघरात माहीत आहे. त्याने पाठवलेल्या कोऱ्या पत्राला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले, तीच चांगदेव पासष्टी. चांगदेवांची समाधी पुणतांब्याला आहे, अशी इथली परंपरा आणि श्रद्धा. गोदाकाठ म्हणजे यात्रा, पर्वणी, श्राद्धकर्म. आणि त्यामागोमाग पुजारी, गुरव, फुलवाले, व्यापारी. अहिल्याबाई होळकरांनी इथे घाट बांधला. त्यांचा जन्म याच जिल्ह्यातल्या चौंडीचा, आणि २०२४ मध्ये जिल्ह्यालाही त्यांचेच नाव मिळाले. काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट-मंदिरे बांधणाऱ्या या राणीने आपल्या माहेरच्या मुलखातल्या गोदाकाठाचीही आठवण ठेवली, याचे पुणतांबेकरांना आजही अप्रूप आहे.

दुसरा थर रुळांचा. १८७६ ते १८७८ हा दख्खनच्या इतिहासातला भीषण दुष्काळ. त्याच काळात, १८७८ मध्ये, दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली. मुंबईहून ईशान्येकडे आणि आग्नेयेकडे जाणारे जीआयपी रेल्वेचे दोन फाटे तिने जोडले, आणि त्या वाटेवर पुणतांब्याला स्टेशन मिळाले. ज्या मुलखात धान्य असूनही वेळेवर पोचत नव्हते, तिथे आता मालगाडी थांबू लागली. स्टेशन आले की आडत येते आणि गोदाम येते. मारवाडी-गुजराती दुकानदारी आणि हमाली त्यांच्या मागोमाग येतात. १९०१ च्या शिरगणतीत पुणतांब्याची वस्ती पाच हजारांच्या वर होती. त्या काळच्या हिशेबाने हे गाव खेड्यांच्या रांगेतून बाहेर पडून लहानशा शहरात जमा झाले होते.

तिसरा थर पाटाचा, आणि आजची शेती त्याच्यावरच उभी आहे. नाशिक जिल्ह्यात गोदावरी-कादवा संगमाजवळ नांदूर मधमेश्वरचा बंधारा आणि वर इगतपुरीकडे दारणा धरण ही कामे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत झाली. तिथून निघालेल्या डाव्या आणि उजव्या कालव्याने कोपरगाव-राहाता भागाचे नशीब पालटले. पावसावरच्या ज्वारी-बाजरीच्या जमिनीत ऊस उभा राहिला. ठरावीक क्षेत्राला ठरावीक वर्षे पाणी मंजूर करणारी ‘ब्लॉक’ पद्धत विश्वेश्वरय्यांनी दख्खनच्या कालव्यांवर रूढ केली होती. इथे जमिनीची किंमत तिच्यावर ब्लॉक आहे की नाही यावरून ठरू लागली. आवर्तन सुटले, चारीला पाणी आले, पाटकरी आला, सात नंबरचा अर्ज भरला का: घरातल्या चिमुरड्यांच्याही कानावरून हे शब्द रोज जात. पाण्याच्या मागे माणसे आली. सासवडकडच्या माळी समाजाचे कसबी बागाईतदार नगर जिल्ह्याच्या पाटपाण्याखाली येऊन राहिले. उसाची आणि फळबागेची त्यांची जाण स्थानिक शेतकऱ्यांनी जवळून पाहिली आणि उचलली.

पाटामागून साखर आली. बेलापूर कंपनीचे हरेगाव, सोमय्यांच्या गोदावरी कंपनीची साकरवाडी, टिळकनगर आणि पुणतांब्याचा चांगदेव कारखाना. ज्या योग्याने सिद्धीचा अभिमान टाकला, त्याच्या नावाने उसाची गव्हाण चालू झाली. या खासगी कारखान्यांना सलग ऊसक्षेत्र हवे होते, म्हणून आसपासच्या शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने गेल्या. पुढे १९६१ चा सिलिंग कायदा आला, कंपन्यांची जमीन सरकारने घेतली आणि १९६३ मध्ये शेती महामंडळ स्थापन झाले. महामंडळाचे मळे, कामगारांच्या चाळी, त्यांची शाळा, त्यांची मुले असे एक वेगळेच गाव मूळ गावाच्या शेजारी वाढले. खंडाने दिलेली जमीन परत मिळावी म्हणून खंडकरी शेतकरी आणि त्यांचे वारस अर्धशतक लढले. २०१२ पासून ती जमीन प्रत्यक्ष त्यांच्या हाती येऊ लागली, तोवर मूळ मालकांपैकी कित्येक हयात नव्हते. आणि जमीन परतली तेव्हा महामंडळाच्या कामगाराचा रोजगार आटला होता. एकाच मळ्यावर दोघांचाही हक्काचा घास होता, आणि दोन्ही हक्क खरे होते. पुणतांब्याच्या लोकसंख्येतला हा सर्वांत दुखरा थर आहे.

लोकसंख्येचे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. २०११ च्या शिरगणतीत जिल्ह्यात ४५,४३,१५९ माणसे मोजली गेली. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात पाचांपैकी चार माणसे ग्रामीण भागात राहत होती, आणि हजार पुरुषांमागे ९३९ स्त्रिया होत्या. ही मोजणी फेब्रुवारीत झाली. फेब्रुवारी म्हणजे ऐन गळीत हंगाम. तेव्हा पाथर्डी आणि बीडकडची हजारो कुटुंबे घराला कुलूप लावून, मुकादमाची उचल फेडायला, उत्तरेच्या बागाईत पट्ट्यात कोयता घेऊन उतरलेली असतात. पाचटाच्या खोपीत त्यांचा संसार, टायरगाडीत त्यांची लेकरे. ही माणसे मोजायची कुठे, गावाकडे की फडावर? पुणतांब्यासारख्या गावची खरी वस्ती उन्हाळ्यात वेगळी आणि कार्तिकानंतर वेगळी असते. पाणी, दवाखाना आणि शाळेची गरज त्या वाढलेल्या वस्तीला असते. निधी मात्र कागदावरच्या आकड्याप्रमाणे येतो.

पाटाचे पाणीही आता पूर्वीचे राहिलेले नाही. वरच्या अंगाला नाशिक शहर वाढले, त्याच्या पिण्याच्या पाण्याचा आणि उद्योगांचा वाटा वाढला. खालच्या अंगाला पैठणचे जायकवाडी धरण आहे. २००५ च्या कायद्याने समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व आणले. ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडण्याचा विषय निघतो. मराठवाड्याची तहान खरी आहे, आणि शंभर वर्षे पाटावर जगलेल्या, कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याची धास्तीही खरी. आवर्तनांची संख्या घटली तसे ब्लॉक गेले, उसाची जागा सोयाबीन, कांदा, मका, हरभऱ्याने घेतली, राहात्याच्या पेरूचे नाव झाले, गोठ्यात संकरित गाय आली. विहीर आणि शेततळे यांचा खर्च शेतकऱ्याने कर्ज काढून केला. पाट होता तेव्हा पाणी सरकारचे होते. आता पाण्याची सगळी जोखीम घरच्या सातबाऱ्यावर आहे.

याच सातबाऱ्यातून २०१७ चा संप उभा राहिला. आदल्या हंगामात तूर उदंड पिकली आणि भाव कोसळला. नोटाबंदीनंतर बाजारात रोकड आटली, कांदा मातीमोल झाला. एप्रिलमध्ये पुणतांब्याच्या ग्रामसभेने ठराव केला: १ जूनपासून शेतकरी संपावर जाणार. दूध नाही, भाजी नाही, बाजारात माल नाही. सातबारा कोरा करा, स्वामीनाथन आयोगाने सांगितल्याप्रमाणे खर्चाच्या दीडपट भाव द्या, दुधाला परवडेल असा दर द्या, या त्यांच्या मागण्या होत्या. ठराव गावोगावी पोचला आणि ग्रामसभांमागून ग्रामसभा त्यात सामील झाल्या. २ जूनच्या रात्री मुख्यमंत्र्यांशी चर्चा झाली, पहाटे संप मागे घेतल्याची घोषणा झाली. ती पुष्कळांना मान्य झाली नाही, आणि आंदोलनाचे केंद्र नाशिककडे सरकले. ११ जूनला सरकारने कर्जमाफी तत्त्वतः मान्य केली आणि २४ जूनला ३४,०२२ कोटी रुपयांची, प्रत्येकी दीड लाखांपर्यंतची योजना जाहीर झाली. योजनेच्या अटींवर वाद झाले, हमीभावाचा प्रश्न सुटला नाही. २०२२ च्या जूनमध्ये गाव पुन्हा धरणे धरून बसले.

मला या संपाचे मोल कर्जमाफीच्या रकमेपेक्षा मोठे वाटते. घाट राणीने बांधला, रूळ कंपनीच्या नकाशाने आले, पाट इंग्रज सरकारने खोदला, जमीन कारखान्याने घेतली आणि सरकारने फिरवली. सातशे वर्षांच्या या प्रवासात गावाचे भवितव्य बहुतेक वेळा गावाबाहेर ठरले. २०१७ मध्ये ते ग्रामसभेच्या सतरंजीवर ठरले आणि तिथून मंत्रालयापर्यंत गेले. ग्रामसभेचा अधिकार राज्यघटनेत ७३ व्या दुरुस्तीपासून लिहिलेला आहे; पुणतांब्याने तो वापरून दाखवला.

२०११ नंतर देशात शिरगणती झालेली नाही; पुढची २०२७ मध्ये होत आहे. गणनेचा कागद घेऊन येणाऱ्याने घाटाजवळचे घर मोजावे, स्टेशनजवळचे मोजावे, मळ्यावरची चाळ मोजावी आणि फडावरची खोपीही मोजावी. आणि जो आकडा येईल तो चावडीवर, ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. इथे किती माणसे राहतात हे सरकारने सांगावे. त्या माणसांना किती पाणी, किती भाव आणि किती शाळा लागतात, हे सांगायला पुणतांब्याची ग्रामसभा समर्थ आहे.