‘ते काही औषध नव्हे, घरगुतीच आहे!’

गेल्या वर्षी आमच्या वन्संचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं. सगळी जुळवाजुळव झाली. यजमानांनी रजा काढली, शाळेतल्या माझ्या तासांची मी सोय लावली, मुलांच्या डब्यांची जबाबदारी शेजारच्या काकूंनी आपणहून घेतली. आदल्या दिवशी संध्याकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई वन्संना तपासायला आल्या.

“रोज काही औषधं घेता का?”

“छे हो! साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा घेत नाही मी,” वन्सं म्हणाल्या.

तेवढ्यात बाईंचं लक्ष उशाशी ठेवलेल्या पिशवीकडे गेलं. “आणि ह्या बाटल्या?”

“त्या होय? ते काही औषध नव्हे, घरगुतीच आहे!”

पिशवी रिकामी केली, तर लसणाच्या कॅप्सूल, हळदीच्या कॅप्सूल, अश्वगंधाचं चूर्ण आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या! ऑपरेशन तातडीचं नव्हतं, म्हणून ते दोन आठवडे पुढे ढकललं. वन्सं माझ्याकडे बघेनात आणि मला मान वर करवेना. कारण लसणाच्या नि हळदीच्या बाटल्या मीच त्यांना आणून दिल्या होत्या. ‘रक्त पातळ राहतं, गुडघे धरत नाहीत,’ असं कुणीसं सांगितलं म्हणून!

मैत्रिणींनो, ज्या गुणासाठी मी त्या आणल्या, तोच ऑपरेशनच्या वेळी नडतो. कापलेल्या जागी रक्त गोठायला हवं, आणि ते काम सुरू करतात रक्तातल्या प्लेटलेट. लसणाचा अर्क, गिंको, जिनसेंग आणि मोठ्या मात्रेतलं ई जीवनसत्त्व यांमुळे हे गोठणं मंदावू शकतं. हळदीच्या अर्काबद्दलही डॉक्टर सावध असतात. मग फोडणीतला लसूण नि वरणातली हळद बंद करायची का? मुळीच नाही. स्वयंपाकातली चिमूट वेगळी आणि कॅप्सूलमध्ये दाबून भरलेला अर्क वेगळा.

अश्वगंधाची गोष्ट निराळी. त्यानं झोप चांगली लागते म्हणून आपण घेतो. पण भुलेच्या औषधांची गुंगी त्यानं वाढू शकते. थायरॉइडवरही त्याचा परिणाम होऊ शकतो. ज्येष्ठमध बरेच दिवस, भरपूर घेतलं तर रक्तातलं पोटॅशियम उतरतं नि रक्तदाब चढतो. मेथीच्या किंवा कारल्याच्या गोळ्यांनी साखर खाली येऊ शकते, आणि ऑपरेशनच्या दिवशी तर पोट रिकामंच असतं.

बायोटिनचा प्रकार तर मला ठाऊकच नव्हता. त्यानं रक्त पातळ होत नाही, पण रक्ताच्या काही तपासण्या चुकतात. थायरॉइड ठीक असूनही रिपोर्ट बिघडलेला येऊ शकतो. हृदयविकाराच्या झटक्यासाठी करतात ती तपासणीसुद्धा फसू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१७ साली याबद्दल इशाराच दिला होता.

मग किती दिवस आधी थांबवायचं? साधारणपणे दोन आठवडे आधी, असं पुष्कळ डॉक्टर सांगतात. पण प्रत्येक वस्तूचा हिशेब वेगळा. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २००१ साली आलेल्या एका लेखात लसणाच्या गोळ्या निदान ७ दिवस आधी, तर गिंको ३६ तास आधी थांबवावं असं म्हटलं होतं. माशाच्या तेलाबद्दल पूर्वी भीती होती, पण पुढच्या अभ्यासांत त्यानं रक्तस्राव वाढल्याचं दिसलं नाही. म्हणूनच आपल्या मनानं ठरवू नये, विचारावं.

आणि याची दुसरी बाजूही आहे. घाबरून सगळंच बंद करणं तितकंच वाईट. आपल्या कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिन कमी असतं. ऑपरेशनआधी ते वाढावं म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या ‘गोळ्या बंद’ म्हणून फळीवर ठेवल्या, तर नुकसान आपलंच. रक्तदाबाची, थायरॉइडची, मधुमेहाची औषधंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत.

तेव्हा एवढं जरूर करा:

१. ऑपरेशनची तारीख ठरली की लगेच, आदल्या दिवशी नव्हे, घरातल्या सगळ्या बाटल्या, डबे, पुड्या एका पिशवीत घाला आणि डॉक्टरांपुढे ठेवा. नुसतं नाव सांगू नका. लेबलावर आत काय नि किती आहे ते त्यांना वाचता येतं. पुडीवर काही लिहिलेलं नसेल, तर वैद्यांकडून घटक लिहून घ्या.

२. जीवनसत्त्वं, काढे, चूर्णं, प्रोटीन पावडर, वजन उतरवायच्या गोळ्या, सगळं सांगा. काही गोष्टी सासूबाईंसमोर किंवा यजमानांसमोर सांगायला संकोच वाटतो. मग डॉक्टरांना दोन मिनिटं एकटीला भेटा, पण लपवू नका.

३. काय चालू, काय बंद आणि कोणत्या तारखेपासून, हे लिहून घ्या नि कागद कॅलेंडरला टाचा.

४. ‘पोट रिकामं’ म्हणजे काय ते नीट विचारा. सर्वसाधारणपणे हलकं खाणं ६ तास आधी नि साधं पाणी २ तास आधी थांबवतात. दूध किंवा दुधातली पावडर पाणी नव्हे, ते खाणंच धरतात.

५. ऑपरेशन अचानक करायची वेळ आली, तर शेवटची मात्रा केव्हा घेतली ते सांगा. डॉक्टर त्याप्रमाणे काळजी घेतात.

६. घरी आल्यावर लगेच जुन्या बाटल्या उघडू नका. केव्हा सुरू करायचं तेही विचारा.

दोन आठवड्यांनी वन्संचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी विचारायच्या आतच वन्संनी चष्मा लावून यादी वाचून दाखवली. शेवटी म्हणाल्या, “चहात आलं घालते मी. ते लिहायचं राहिलं!”

बाई हसल्या. “चहातलं आलं राहू द्या. पण विचारलंत, हे बरं केलंत.”

घरी आल्यावर मी पहिल्यांदा आमच्या फळीवरच्या बाटल्या खाली काढल्या. कोणती कशासाठी नि कुणाच्या सांगण्यावरून आणली, हे तीन बाटल्यांच्या बाबतीत मलाही आठवेना! तुम्हीही एकदा आपली फळी बघाच.