आडवा कोण आला?

चोपड्यात कुणी गाडीखाली सापडलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "एकदम आडवा आला हो." सांगणाऱ्याने घटना पाहिलेली असतेच असं नाही. पण चहाच्या टपरीवर, रुग्णालयाच्या पायरीवर, तेराव्याच्या मांडवातही तेच वाक्य फिरत राहतं, आणि गेलेल्या माणसाच्या नावावर कायमचं बसतं. मी गेली चाळीस वर्षं ते ऐकत आलोय. या चाळीस वर्षांकडे मागे वळून पाहताना मला वाटतं, खरी गोष्ट उलटी आहे. अहिराणीत सांगायचं तर, माणूस रस्ताले आडा नई उना, रस्ता त्याले आडा उना.

चोपडा सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या उत्तरेला. गावाला रेल्वे कधी आलीच नाही. रेल्वे पकडायची तर तापी ओलांडून अमळनेर किंवा धरणगाव गाठायचं. त्यामुळे इथलं येणंजाणं, केळी, कापूस, ऊस, लग्नाची वऱ्हाडं, दवाखाना, सगळं रस्त्याच्या भरवशावर. आणि रस्ता म्हणजे मुख्यतः एकच : बऱ्हाणपूरकडून रावेर, सावदा, फैजपूर, यावल, किनगाव, धानोरा, अडावद करत चोपड्यात शिरणारा आणि हातेड, गलंगीवरून शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा असा गुजरातेत अंकलेश्वरला उतरणारा. आधी तो राज्यमार्ग होता, मग राष्ट्रीय महामार्ग म्हणून जाहीर झाला. नाव मोठं झालं, पण जातो तो आजही लोकांच्या दारासमोरून.

माझ्या शाळकरी वयात, १९८०च्या दशकात, या रस्त्याला साइडपट्टी होती. शब्द आज जुना वाटेल. डांबराच्या दोन्ही अंगांना मातीमुरमाची, चाकांनी आणि पायांनी चोपून घट्ट झालेली पट्टी. बैलगाडी तिच्यावर, सायकल तिच्यावर, डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली बाई तिच्यावर. डांबर एस.टी.चं आणि ट्रकचं, माती आपली, अशी ती न लिहिलेली वाटणी होती. समोरासमोर दोन ट्रक आले की एकाला मातीत उतरावं लागे, तेव्हा चालणारे बाभळीच्या आत सरकत, चालकाला दोन शेलक्या शिव्या देत आणि पुन्हा पट्टीवर येत.

मग रस्ता "सुधारला". रुंदीकरण हा शब्द आपण नेहमी आनंदाने उच्चारतो. रुंदी कुठून आली, हे विचारत नाही. ती साइडपट्टीतून आली. डांबर दोन्हीकडून मातीवर सरकलं. मग दर काही वर्षांनी थरावर थर पडत गेले आणि कडेला वीतभर उंचीची पायरी तयार झाली. तिच्याखाली पाणी, चिखल, आणि गावाच्या हद्दीत दुकानांचे ओटे, पत्र्याच्या शेड, उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, हातगाड्या. चालणाऱ्याला मातीवर जागा उरली नाही म्हणून तो डांबरावर चढला. तेव्हापासून तो "आडवा" येऊ लागला.

गंमत अशी की कागदावर त्याची सोय याच काळात झाली. १९८८ साली मोटार वाहन कायदा आला आणि त्याच वर्षी इंडियन रोड्स काँग्रेसने पादचाऱ्यांच्या सोयींबद्दलची मार्गदर्शक पुस्तिका काढली. २०१२ मध्ये ती सुधारली. पदपथ किमान १.८ मीटर मोकळा असावा, असं तिच्यात आहे. दोन माणसं शेजारून जाऊ शकतील, एवढंच हे माप. चोपड्यातल्या मुख्य रस्त्यावर टेप घेऊन फिरा आणि सलग शंभर पावलं असा मोकळा पट्टा शोधून दाखवा.

गाव तोवर वाढत होतं. २००१च्या जनगणनेत साठ हजारांच्या घरात असलेली शहराची वस्ती २०११ मध्ये बहात्तर हजारांवर गेली. जुनं गाव एका बाजूला आणि नव्या कॉलन्या रस्त्याच्या पलीकडे. शाळा इकडे, घर तिकडे. खेड्यांवरून अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासवर एस.टी.ने येणाऱ्या मुली स्थानकावर उतरून शाळेपर्यंत चालतात. मोफत पासने त्यांची शाळा सुटायची वाचली, हे खरंच मोठं काम. पण पास स्थानकाच्या फाटकापर्यंतच चालतो. तिथून पुढे त्यांच्यासाठी कुणी काही आखलेलं नाही.

खानदेशात चालण्याचं एक वेगळं वेळापत्रक आहे. ते पुण्यामुंबईच्या अभियंत्याच्या डोक्यात येणार नाही. एप्रिल-मेमध्ये इथे पारा पंचेचाळीसला टेकतो. दुपारी रस्ते ओस. माणसं बाहेर पडतात ती पहाटे चारला किंवा दिवेलागणीनंतर. केळीच्या बागेत जाणारे मजूर अंधारात निघतात. जेवणानंतरची शतपावली अंधारात. चैत्रात सप्तशृंगगडाला पायी जाणारे जत्थे ऊन टाळण्यासाठी रात्री आणि पहाटे चालतात, धुळे-मालेगावचा महामार्ग धरून. म्हणजे ज्या वेळी चालक सर्वांत झोपाळलेला आणि दिवे सर्वांत डोळे दिपवणारे, नेमक्या त्या वेळी इथला चालणारा रस्त्यावर असतो. त्यात पुढचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ऊस ओढत चाललेला, मागे ना दिवा ना परावर्तक. उघड्या गाडीत भरलेला कापूस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. त्याला चुकवायला मागचा दुचाकीवाला डावीकडे कापतो, आणि डावीकडे आपण असतो.

मोठे अपघात लक्षात राहतात, कारण त्यांना आकडा असतो. २०२०च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला चोपड्याहून लग्नाचा स्वागत समारंभ आटोपून मुक्ताईनगर तालुक्यात परतणाऱ्या क्रूझरला यावल-फैजपूर दरम्यान हिंगोण्याजवळ डंपर धडकला. किमान दहा माणसं गेली. पुढच्याच वर्षी, १५ फेब्रुवारी २०२१च्या मध्यरात्री, धुळे भागातून पपई घेऊन रावेरकडे निघालेला ट्रक किनगावजवळ उलटला आणि मालावर बसलेले पंधरा मजूर त्याच पपईखाली दबून मेले. बायका, मुलं, एकेका घरातली अनेक माणसं, बहुतेक रावेर तालुक्यातली. दोन्ही घटनांत मंत्री आले, मदत जाहीर झाली, वर्तमानपत्रांनी पहिलं पान दिलं. दोन्ही एकाच रस्त्यावर, बारा-साडेबारा महिन्यांच्या अंतराने.

या दोन तारखांच्या मध्ये टाळेबंदी आली. २०२०च्या मे महिन्यात शेजारच्या शिरपूर तालुक्यातून मध्य प्रदेशात चढणारा मुंबई-आग्रा महामार्ग माणसांनी भरून गेला. नाशिक, मुंबईहून निघालेली कुटुंबं पळासनेर, बिजासन घाटाकडे चालत होती. डोक्यावर गाठोडं, कडेवर पोर, पायात फाटक्या चपला. चौपदरी रस्त्यावर इतकी पावलं त्याआधी कुणी पाहिली नसतील. तेव्हा ध्यानात आलं की शेकडो कोटींच्या त्या रस्त्यावर चालणाऱ्यासाठी सावलीची, पाण्याची, अगदी टेकायचीही जागा ठेवलेली नव्हती. लोक दुभाजकावर बसत होते.

त्याच पळासनेरला ४ जुलै २०२३च्या सकाळी ब्रेक निकामी झालेला कंटेनर घाट उतरून आला, वाटेतली वाहनं उडवत रस्त्याकडेच्या हॉटेलात आणि थांब्यावर घुसला. किमान दहा जण मेले. त्यांतले काही बसची वाट पाहत उभे होते. उभे होते, चालतही नव्हते. त्यांच्याबद्दल मात्र "आडवे आले" म्हणायची सोय नव्हती.

पण हा मागोवा मला दहा-पंधराच्या आकड्यांचा घ्यायचा नाही. चालणारा माणूस एकेकटा मरतो. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी : अज्ञात वाहनाच्या धडकेत वृद्ध ठार. पोलिसांच्या कागदात "भरधाव वेगाने, हयगयीने" हे शब्द ठरलेले. एकेकटा मेला म्हणून मंत्री येत नाहीत, आणि तेच ठिकाण पुन्हा माणूस खाईपर्यंत कुणी नकाशा काढत नाही. सरकारी व्याख्येनुसार "ब्लॅक स्पॉट" ठरायला ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात व्हावे लागतात, नाहीतर दहा मृत्यू. म्हणजे जागा धोक्याची आहे हे सिद्ध करायचं काम मरणाऱ्यांवरच.

सुटे मृत्यू एकत्र मोजले की काय दिसतं? देशात रस्त्यावर मेलेले पादचारी २०१४ मध्ये १२,३३० होते, २०१८ मध्ये २२,६५६ आणि २०२२ मध्ये ३२,८२५. नोंदी सुधारल्याचा भाग यात असेलच. तरीही दिवसाला नव्वद माणसं. किनगावसारखे सहा ट्रक रोज उलटल्यासारखं, फक्त कुणाच्या कानावर आवाज येत नाही.

"अज्ञात वाहन" या दोन शब्दांची किंमतही सरकारने वेळोवेळी ठरवली आहे. पळून गेलेल्या गाडीने मारलं तर वारसांना १९८९च्या योजनेत साडेआठ हजार, १९९४ पासून पंचवीस हजार. ही रक्कम तब्बल अठ्ठावीस वर्षं तशीच राहिली. १ एप्रिल २०२२ पासून ती दोन लाख झाली. अर्ज कुठे करायचा हे माहीत नसलेली घरं आजही भेटतात. २०२४च्या पहिल्या दोन दिवसांत मात्र याच विषयावर सगळा देश बोलला : धडक देऊन पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद नव्या न्याय संहितेत आली म्हणून चालकांनी चाकं थांबवली. मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघेनात आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. तरतूद स्थगित राहिली. चालकाचं म्हणणंही पोकळ नव्हतं, थांबला तर जमाव त्याला जिवंत सोडेल याची हमी कोण देणार? त्या दोन दिवसांत सगळ्यांनी चालकाबद्दल वाद घातला, पेट्रोलबद्दल घातला. ज्याला धडक बसते तो त्या वादात नव्हता.

जळगावला निदान भांडण झालं. सुरतहून येणारा जुना राष्ट्रीय महामार्ग सहा (आता त्याचा क्रमांक ५३) शहराच्या पोटातून जातो. दोन्ही बाजूंना शहर पसरलं, मुलं शाळेसाठी महामार्ग ओलांडू लागली, आणि खोटेनगर, प्रभात चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली ही नावं पत्त्यांपेक्षा बातम्यांत जास्त दिसू लागली. २०१८ मध्ये जळगावकर समांतर रस्त्यांसाठी रस्त्यावर उतरले, साखळी उपोषण केलं. पुढे शहरातला टप्पा चौपदरी झाला, काही चौकांत भुयारी मार्ग झाले. समांतर रस्त्यांचं रडगाणं त्यानंतरही सुरू राहिलं. तरी पोर रस्त्याखालून जाऊ शकतं, हे मिळालं ते भांडून मिळालं.

तालुक्याच्या गावात मात्र एकच औषध : गतिरोधक. अपघात होतो, लोक रास्ता रोको करतात, टायर जळतो, अधिकारी येतात आणि चार दिवसांत डांबराचा एक उंचवटा पडतो. त्याचंही शास्त्र आहे. ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, म्हणजे गाडी ताशी २५ किलोमीटरने हळुवार चढून उतरावी. आपल्याकडचे बरेचसे पडतात ते दोन हात रुंद आणि गुडघ्याला लागतील असे. ना पांढरे पट्टे, ना आधी फलक. रात्री अनोळखी दुचाकीवाला त्यावर उडतो आणि पुढचा अपघात त्याचा. मग दुसरा मोर्चा येतो, गतिरोधक काढा म्हणून. मी दोन्ही मोर्चांत एकच माणूस घोषणा देताना पाहिलाय. दोन्ही वेळा तो बरोबरच होता.

२०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विषय दोनदा हातात घेतला. मे महिन्यात सांगितलं की मोकळा पदपथ हा जगण्याच्या हक्काचाच, घटनेच्या २१व्या अनुच्छेदाचा भाग आहे. ऑक्टोबरमध्ये राज्यांना पादचाऱ्यांसाठी नियम करायला सहा महिने दिले आणि पन्नास शहरांतल्या पदपथांची तपासणी करायला सांगितलं. पन्नास शहरांची ती यादी चोपड्यापर्यंत पोचायला किती वर्षं लागतील, याचा हिशेब मी करत नाही.

आमच्या कॉलनीच्या वळणावर एक गतिरोधक आहे. एका म्हाताऱ्या शेजाऱ्यांना तिथेच गाडी लागली, ते गेले, आणि त्यानंतर तो पडला. तेव्हाही लोक म्हणाले, आडवे आले. ते दुधाची पिशवी घेऊन आपल्या दाराकडे येत होते. गतिरोधक कडेपर्यंत पोचलेला नाही. शेवटी वीत-दीड वीत जागा सपाट सुटली आहे, पाणी वाहून जावं म्हणून असेल. दुचाकीवाल्यांनी ती लगेच हेरली. उंचवटा चुकवत, वेग जराही कमी न करता, ते त्या फटीतून सुळकन निघतात. दोन पावसाळ्यांत चाकांनी तिथे छान गुळगुळीत खोलगट वाट पडली आहे. रस्ता ओलांडायला आम्ही उभे राहतो ती जागा तीच.